बोराडेंचं बोरेट, सोनाकाचं सोनाटा

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी कागदपत्रांचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल आमचा हंगाम. कंटेनर न्हावाशेव्याकडे निघाला की मागोमाग मेल गेलाच पाहिजे: पॅकिंग लिस्ट, फायटो म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, रेसिड्यूचा म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशाचा रिपोर्ट आणि कुठल्या पॅलेटवर कोणाच्या प्लॉटचा माल आहे तो तपशील. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंद, 2006 पासून आहे. त्यात नोंदलेलं शेतकऱ्याचं नाव आणि आपण पाठवलेलं नाव जुळलं नाही, की पुढे खुलासे देत बसा.

आणि आमचा मेलचा प्रोग्रॅम नावं परस्पर बदलायचा. सोनाका हा थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या कुळातला लांबट मण्यांचा वाण, त्याचं तो सोनाटा करायचा. मोगल आडनावाचं मोगुल व्हायचं. इथवर हसून सोडलं. पण एकदा बोराडे आडनावाचं बोरेट झालं. इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक, डीच्या जागी टी. सोबत रेसिड्यूचा रिपोर्ट जोडलेला, त्यामुळे माल घेणाऱ्या रॉटरडॅमच्या कंपनीकडून लगेच विचारणा आली: हे कुठलं रसायन, आणि फवारणीच्या नोंदीत ते का नाही? त्यांचं तरी काय चुकलं? बोरेट हे रसायन आहेच. बोराडे हे आमचे बागायतदार आहेत, असा खुलासा लिहायला घेतला तर त्यातही माझ्या डोळ्यांदेखत बोरेट!

त्या वेळी कंट्रोल-झेड कामाला आलं. शब्द बदलल्या बदलल्या ते दाबलं की तेवढीच दुरुस्ती मागे जाते, आपण टाइप केलेलं शाबूत राहतं. पण पन्नास नावांच्या मेलमध्ये दर शब्दावर पहारा कोण देणार?

सेटिंगमध्ये शिरले. तिथे एक लांबलचक यादी सापडली: डाव्या बाजूला चुकीचं, उजव्या बाजूला बरोबर. इंग्रजीतल्या 'द'ची (the) अक्षरं उलटसुलट पडली की सरळ करणारी ओळ त्यातच असते. कंसातल्या सीचं कॉपीराइटचं चिन्ह करणारी ओळही तिथेच होती. करारातल्या कलमांचं त्यानेच वाटोळं केलं होतं, ती लगेच उडवली. बोराडे मात्र यादीत कुठेच नाहीत. मग बदलतंय कोण?

कॉम्प्युटरवाल्या मुलाने त्या खिडकीतल्या सगळ्याच चौकटींतल्या खुणा काढून टाकल्या आणि म्हणाला, "घ्या ताई, झालं." संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी. "अहो, ते सगळं बंद करू नका. माझं इंग्रजी उघडं पडतंय." त्यांचंही खरं होतं. घाईत लिहिलेल्या त्यांच्या मेलची अब्रू त्या यादीनेच राखली होती.

उत्तर त्याच खिडकीत, यादीच्या खाली होतं. बारीक अक्षरात एक वेगळी चौकट: स्पेलिंग तपासनीस जे सुचवेल ते आपोआप वापरावं. म्हणजे यादी निराळी आणि हा प्रकार निराळा. शब्दकोशात नसलेल्या शब्दाला जवळचा इंग्रजी शब्द मिळाला की तो विचारतही नाही, सरळ चिकटवतो. युरोपीय संघाच्या जुन्या इंग्रजी कागदांत 'कोऑपरेशन'च्या जागी कॅलिफोर्नियातलं कुपर्टिनो गाव घुसलं, ते असल्याच दुरुस्तीमुळे. शब्दकोशात 'कोऑपरेशन' फक्त मध्ये आडवी रेघ असलेलं होतं. चौकटीतली खूण काढली, यादी चालू ठेवली. साहेबही खूश, बोराडेही.

आता नावांखाली लाल रेघा यायला लागल्या. लाल रेघेवर माझा राग नाही, ती निदान विचारते तरी. पण सगळंच लाल दिसलं की खरी चूक त्यात लपते. म्हणून आपला स्वतःचा शब्दकोश भरला. ती साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीवर एक शब्द. शेतकऱ्यांची एक्सेलमधली यादी होतीच. तिच्यातून आडनावं, गावं आणि वाण काढून ओतले: पिंपळगाव, दिंडोरी, सोनाका, सगळं. हीच फाइल ऑफिसातल्या बाकीच्या कॉम्प्युटरवर टाकली. मराठी मेलसाठी हा उपाय चालत नाही. बोराडे घातलं तरी बोराडेंना, बोराडेंच्या, बोराडेंकडून हे त्याला परकेच. तिथे मी तपासणीच बंद ठेवते.

तरी साहेबांच्या मेलमध्ये सोनाटा पुन्हा उगवला. ते फोनवरून लिहितात, आणि फोनच्या कीबोर्डची दुरुस्ती स्वतंत्र असते. तिथे आपोआप दुरुस्ती बंद केली, वरच्या पट्टीतल्या सूचना राहू दिल्या.

हे सगळं निस्तरताना आमच्या अकाउंटच्या अण्णांचं कोडंही सुटलं. त्यांच्या मेलमध्ये एकही नाव कधी बिघडत नसे. ते सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, आणि पूर्ण कॅपिटलमधले शब्द तपासायचे नाहीत अशी खूण सेटिंगमध्ये आधीपासूनच असते. आकडे असलेले शब्द वगळायची खूणही शेजारीच, म्हणून कंटेनर नंबर आणि प्लॉटचे कोड वाचले होते. अण्णांना म्हटलं, आता साध्या अक्षरांत लिहिलंत तरी चालेल. ते ऐकत नाहीत. रॉटरडॅमवाल्यांना वाटतं, हे गृहस्थ कायम ओरडतच असतात.