गाठ अंडाशयाची की गर्भाशयाची?

पाळी अजून न थांबलेल्या, चाळिशीतल्या बाईंची केस. बाहेरच्या सोनोग्राफीत 'डाव्या अंडाशयाची ८ सेंमीची घट्ट गाठ', सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत तपासतात तो रक्तातला घटक) थोडं वाढलेलं, त्यामुळे घरचे धास्तावलेले. या वयात मी त्या आकड्याला फार महत्त्व देत नाही. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणं), अगदी चालू पाळीनेही तो चढतो.

मूत्राशय भरलेलं असताना पोटावरून पाहिलं. गाठ गडद, कडा गुळगुळीत, मागे पट्ट्यापट्ट्यांची सावली. फायब्रॉइड असाच दिसतो, पण अंडाशयाचा फायब्रोमाही (तंतूंची साधी गाठ) असाच दिसतो. म्हणजे नुसत्या रूपावर निकाल लागणार नव्हता; डावं अंडाशय वेगळं सापडायला हवं होतं.

लघवीला पाठवून योनीमार्गातून तपासणी केली. अंडाशय शोधायची खूण म्हणजे बाह्य इलियाक शिरा. ते बहुधा तिच्या आतल्या बाजूला असतं. इथे मध्ये आतड्यातला वायू. डाव्या हाताने पोट दाबून आतडं सरकवलं, तेव्हा गाठीने वर ढकललेलं अंडाशय दिसलं, आत ५-६ मिमीचे फॉलिकल (बीजांडाच्या पिशव्या). प्रोबने हलकेच ढकलल्यावर गाठ आणि अंडाशय एकमेकांवरून सुटे घसरले, म्हणजे गाठ या अंडाशयाची नव्हती.

मग रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉप्लर. पहिल्यांदा काहीच रंग येईना. पीआरएफ (यंत्र सेकंदाला किती ध्वनिस्पंद सोडतं तो आकडा) जास्त ठेवला की मंद प्रवाह दिसत नाही आणि 'रक्तपुरवठा नाही' असं चुकीचं लिहिलं जातं. तो ०.६ किलोहर्ट्झवर आणला, मंद सिग्नल गाळणारा वॉल फिल्टर कमी केला, गेन (सिग्नलची वाढ) ठिपके उमटेपर्यंत वाढवून किंचित उतरवला. गर्भाशयाच्या भिंतीतून निघून गाठीत शिरणाऱ्या वाहिन्या स्पष्ट झाल्या. देठ साधारण १.५ सेंमी रुंद. म्हणजे गाठ गर्भाशयाची: देठाचा फायब्रॉइड.

एमआरआयमध्ये (टी१ आणि टी२ या त्यातल्या दोन प्रकारच्या प्रतिमा) गाठ टी२वर काळी, देठात वाहिन्यांचे काळे ठिपके. पण उजव्या अंडाशयात २ सेंमीची गाठ टी१वर पांढरी होती. पांढरं म्हणजे बहुधा चरबी किंवा जुनं रक्त. यातलं कोणतं ते ठरवायला फॅट-सॅट (फक्त चरबीचा सिग्नल दाबणारं) टी१च घ्यावं. स्टर ही चरबी दाबायची दुसरी पद्धत चालत नाही, कारण त्यात रक्ताचा सिग्नलही दबू शकतो. फॅट-सॅटवर ती पांढरीच राहिली, टी२वर गडद झाली: एंडोमेट्रिओमा, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली जुन्या रक्ताची गाठ. मोठ्या गाठीच्या नादात तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, आणि सीए-१२५ बहुधा तिनेच चढवलं होतं.

रिपोर्टात पहिल्याच ओळीत गाठीचा उगम आणि देठाची रुंदी लिहिली. सर्जनला आधी तेच लागतं.