तुम्ही विचारलंत म्हणून : चालत्या-बोलत्या माणसाला आम्ही पुढे का पाठवतो

"माणूस चालतोय, बोलतोय, चहासुद्धा प्यायला, मग त्याला बांबोळीला कशाला पाठवता?" हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना मला सतत विचारला जातो (बांबोळी म्हणजे गोव्यातले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय). रुग्णालयात तो मालवणीत आणि काकुळतीने येतो, "डॉक्टरानू, हयंच काय ता करा, बांबोळीक कित्याक धाडतास?", आणि गणपतीत कुणाकडे आरतीला गेलो की तोच प्रश्न टोमण्याच्या सुरात येतो, की सरकारी डॉक्टरांना जबाबदारी नको असते म्हणून ते रेफर करतात. या टोमण्यात थोडे तथ्य आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण आधी मूळ प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

रुग्ण तपासताना आमच्या मनात दोन हिशेब चाललेले असतात. पहिला आत्ताचा : श्वास मोकळा आहे का, नाडी कशी आहे, रक्तदाब किती, शुद्ध कितपत आहे, कुठे रक्तस्राव होतो आहे का. हा हिशेब नातेवाइकांनाही दिसतो, कारण आम्ही दंडाला पट्टा बांधतो, बोटाला यंत्र लावतो, डोळ्यांत बॅटरी मारतो. दुसरा हिशेब कुणाला दिसत नाही. या आजाराची नेहमीची चाल पाहता येत्या सहा-आठ तासांत या माणसाला काय लागू शकेल, व्हेंटिलेटर, शस्त्रक्रिया, रक्ताच्या पिशव्या की डायलिसिस, आणि ते जिथे मिळते तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, असा तो हिशेब असतो. पुढे पाठवण्याचा निर्णय बहुतेक वेळा या दुसऱ्या हिशेबावर होतो, आणि म्हणून ज्याच्याबाबत तो होतो तो माणूस पुष्कळदा ठणठणीत दिसतो. तो तसा दिसतो तोवरच त्याला हलवणे सुरक्षित असते, हे मात्र रुग्णवाहिका दारात उभी असताना समजावून सांगणे फार कठीण जाते.

सर्पदंशाचे उदाहरण घेतो, कारण पावसाळ्यात ते आमच्या रोजच्या कामाचाच भाग असते. आपल्याकडे मिळणारे सर्पविषावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवले जाते. फुरसे चावलेला माणूस आला की त्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर विष भिनले आहे हे नक्की. या तपासणीला घड्याळ आणि स्वच्छ नळी यांपलीकडे काही लागत नाही, आणि इतकी स्वस्त व इतकी खरे बोलणारी दुसरी तपासणी माझ्या माहितीत नाही. मग प्रतिविषाच्या साधारण १० कुप्या शिरेतून द्यायच्या, सहा तासांनी पुन्हा नळी लावायची, आणि रक्त गोठू लागले, लघवी व्यवस्थित होत राहिली, तर असा रुग्ण आमच्याच वॉर्डात बरा होऊन घरी जातो. लघवी कमी होऊ लागली तर मात्र मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी लागते आणि डायलिसिसची सोय असलेले ठिकाण गाठावे लागते.

मण्यारीचे वेगळे आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नसते, आणि पहाटे पोटात कळ आली म्हणून आलेला माणूस पापण्या जड झाल्याचे सहज बोलता बोलता सांगून जातो. ते ऐकले की आमची धावपळ सुरू होते. घरच्यांना वाटते, झोप झाली नाही म्हणून डोळे मिटत असतील. पण हा लुळेपणा पापण्यांवरून गिळण्यावर, तिथून मानेवर आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंवर जाऊ शकतो, आणि मण्यारीच्या विषाने एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने मागे फिरत नाही. अशा रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटरवर सांभाळले तर तो बहुधा पूर्ण बरा होतो, परंतु आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. त्याला श्वास कमी पडेपर्यंत वाट पाहिली, तर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका यायच्या आत गाडीतच हाताने श्वास देत बसावे लागेल. म्हणून प्रतिविष सुरू करून, तो स्वतःच्या तोंडाने स्वतःचे नाव सांगत असतानाच आम्ही त्याला रवाना करतो.

डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. शुद्धीचे मोजमाप जगभर ज्या पद्धतीने होते ती १९७४ साली ग्लासगो येथे मांडली गेली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. दुचाकीवरून पडलेला तरुण आमच्याकडे १५ पैकी १५ गुण घेऊन बसलेला असू शकतो आणि तरी त्याच्या कवटीच्या आत रक्त साठत असू शकते. अपघातानंतर थोडा वेळ बेशुद्ध, मग काही तास अगदी शुद्धीवर आणि मग पुन्हा गुंगी, असा क्रम वैद्यकात चांगला ओळखीचा आहे. उलटी झाली, डोके वाढते दुखू लागले, गुण एक-दोनने उतरले, की सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच त्याला जायला हवे.

तिथेच म्हणजे कुठे, हाही प्रश्न लोक विचारतात. कागदावर पायऱ्या आखलेल्या आहेत : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग आमच्यासारखे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, सावंतवाडी किंवा कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय, ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक पायरीवर थांबत गेले पाहिजे असा नियम मात्र गंभीर रुग्णाला लावता येत नाही. आमच्या जिल्ह्यात अनेक दशके वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते, आणि आंबोली घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा दक्षिणेकडच्या तालुक्यांना महामार्गाने बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, सोयीचे पडत आले. ते दुसऱ्या राज्याचे रुग्णालय आहे याची आठवण आम्हांला २०१८ च्या जानेवारीत झाली, जेव्हा तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले आणि पुढे दोडामार्गात लोकांनी आंदोलन केले. राज्याची सीमा आणि आजाराची वाट यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

पाठवायचे ठरले की लगेच गाडीत घालायचे, असे होता कामा नये. पाठवण्याआधी जे करायचे ते केले नाही, तर पाठवणे अर्धवट राहते. गरोदर बाईचा रक्तदाब खूप वाढला असेल, डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, देऊनच तिला हलवायचे असते. छातीत कळ येऊन आलेल्याचा ईसीजी काढून, अ‍ॅस्पिरिन चघळायला देऊन, आणि हृदयविकाराचा झटका नक्की असून बाकी काही अडचण नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही इथेच देऊन मग पुढे पाठवणे चांगले, कारण तिथे वेळ मिनिटांत मोजला जातो. त्यानंतर पुढच्या रुग्णालयाला फोन, मग चिठ्ठी. चिठ्ठीवर कोणते औषध, किती आणि किती वाजता दिले, हे लिहिलेले असले पाहिजे; नुसते "पुढील उपचारांसाठी" असे लिहून दिलेली चिठ्ठी मला चिठ्ठी वाटत नाही. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो, ही फार मोठी सोय झाली आहे. त्याआधी जीपच्या मागच्या बाकावर सलाईनची बाटली नातेवाइकाने धरलेली असे. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची गाडी वेगळी आहे, आणि ती घरी परत आणूनही सोडते, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसते.

मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर लोकांचा दुसरा संताप सुरू होतो : एवढ्या घाईने पाठवले आणि इथे कॅज्युअल्टीत बसवून ठेवले, शिवाय सगळ्या तपासण्या पुन्हा. पुन्हा तपासण्याचे कारण असे, की मधल्या दीड तासात रुग्ण बदललेला असतो. आमच्या चिठ्ठीतला रक्तदाब हा निघतानाचा रक्तदाब असतो, आणि दोन्हींतला फरक हीच तिथल्या डॉक्टरांना सर्वांत मोलाची माहिती असते. बसवून ठेवण्याचे कारण असे, की कॅज्युअल्टीत क्रमांक येण्याच्या वेळेवर लागत नाही, धोक्यावर लागतो. मोडलेला हात घेऊन तासभर विव्हळणाऱ्या माणसाआधी नुकत्याच आणलेल्या गप्प माणसाला आत नेतात, कारण जो ओरडतो आहे त्याचा श्वास निदान चालू आहे. दुखणाऱ्याला हे पटावे अशी अपेक्षा नाही. पण मागे राहिलेला रुग्ण बिघडतो आहे असे वाटले तर नातेवाइकाने ते पुन्हा पुन्हा जाऊन सांगावे, कारण क्रमांक एकदा लावून संपत नाही, रुग्ण बदलला की तोही बदलायला हवा.

आता टोमण्यातले तथ्य. पाठवून हात झटकणे घडते, आणि ते मी नाकारणार नाही. रात्री भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, ही कारणे खरी असतात. पण काही वेळा दिवसा, सगळे हजर असतानाही, अवघड बाळंतपण केवळ अवघड आहे म्हणून पुढे सरकवले जाते. मागच्या काही वर्षांत डॉक्टरांवर झालेल्या हल्ल्यांनी ही प्रवृत्ती वाढवली, असे माझे मत आहे. तरी त्यामुळे ती समर्थनीय ठरत नाही. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर मार लागलेल्या एका मजुराला प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवले गेले आणि मग एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कुठे खाट नाही तर कुठे सोय नाही, असे सांगून परत लावले. शेवटी त्याने खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घेतले. न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला, २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली, पैशांची कमतरता ही सरकारची सबब होऊ शकत नाही असे बजावले, आणि कुठे खाट रिकामी आहे हे आधी कळून रुग्ण थेट तिथेच जाईल अशी संपर्क व्यवस्था उभारावी असेही सांगितले. ही शेवटची सूचना आजही बऱ्याच अंशी आमच्या मोबाइलमधल्या ओळखीच्या क्रमांकांवर चालते.

तेव्हा तुमच्या माणसाला पुढे पाठवतात असे कळले, तर "का पाठवता" याच्याबरोबर "तिथे काय आहे जे इथे नाही", "आत्तापर्यंत काय दिले" आणि "तिथे कुणाशी बोलणे झाले" हेही विचारा. ज्याने विचार करून पाठवले आहे त्याला ही उत्तरे द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आणि एक काम परत आल्यावरचे. आम्ही चिठ्ठी देऊन पाठवतो, पण तिकडून आमच्याकडे उलट चिठ्ठी क्वचितच येते. हृदयात स्टेंट बसवून आलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी बरे वाटते म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करतो, आणि ती चालू होती हे आम्हांला तो दुसऱ्यांदा छाती धरून आला की कळते. म्हणून घरी आल्यावर आठवड्याच्या आत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणून द्या. रुग्णाला आणण्याची गरज नाही, कागद पुरतो.