भाऊकाकांचं पाणी

डोंबिवलीहून निघताना काकीनं पिशवीत स्टीलचा छोटा डबा ठेवला. आत मालवणी खाजा. गाडीत खायला घेतला असेल, असं मला वाटलं.

तारीख ९ डिसेंबर. लोकल, सीएसएमटी, तिथून टॅक्सी, यातलं काही सांगण्यासारखं नाही. काकीचे गुडघे दुखतात, तरी जिने ती कठडा धरून स्वतः उतरली. गेली कित्येक वर्षं ती एकच म्हणत होती, "तो गेलो ता पाणी माका बघूक व्हया." दीवला भाऊकाकांच्या जहाजाचं स्मारक आहे, समुद्राकाठी, पण तेवढा प्रवास तिला आता झेपणार नाही. मुंबईत नौदल गोदीत गौरव स्तंभ आहे, तोही गोदीच्या आत. आमच्यासारख्या घरच्या माणसानं फूल ठेवायचं तर कुठे, हे मला आजवर उमगलेलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून गेटवे.

भाऊकाका तिचे धाकटे दीर. मी त्यांना पाहिलेलं नाही. वय २४, नौदलाच्या 'खुकरी' युद्धनौकेवर अधिकारी. १९७१चं पाकिस्तानशी युद्ध, डिसेंबर. कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी हल्ला केला त्याला तीन दिवस झाले होते. गिरगावातल्या चाळीत काचांना काळे कागद चिकटवलेले, संध्याकाळ झाली की दिवे बंद. ७ तारखेला भाऊकाका तासाभरासाठी घरी आले, पाटावर बसून जेवले, निघताना काकीनं खाजाची पुडी दिली ती खिशात घातली. काकी दारापर्यंत गेली. बॅटरी लावायची सोय नव्हती. "तोंड दिसलाच नाय गो," ती सांगते. "पांढरो युनिफॉर्म तेवढो खाली खाली जाताना दिसलो."

दुसऱ्या दिवशी 'खुकरी' आणि 'किरपाण' मुंबईहून निघाल्या, पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात. त्यांच्याच ताफ्यातली 'कुठार' बिघाडामुळे इथेच राहिली. हे काकीनं कुठे वाचलं कोण जाणे, पण दर डिसेंबरात ती 'कुठार'चं नाव काढते आणि पुढे काही बोलत नाही. ९ तारखेच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. घरी आली ती तार. 'बेपत्ता' हा शब्द आजीनं इतका घट्ट धरून ठेवला, की भाऊकाकांच्या फोटोला तिनं जन्मभर हार घालू दिला नाही. ती गेली, तरी काकीनंही घातलेला नाही.

गेटवेवर नको इतकी गर्दी. पिशव्यांच्या तपासणीत पोलीसबाईंनी डबा उघडायला लावला. "खायचं आहे का आजी?"

"दिराचा आसा," काकी म्हणाली.

त्या बाईंनी आमच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी झाकण नीट लावलं आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला. फोटो काढणारे अंगावर येत होते, बोटीचा माणूस वरच्या मजल्याचे वेगळे पैसे मागत होता. मला संताप आला होता, तो त्या दोन हातांमुळे बराच उतरला.

आम्ही अर्ध्या तासाच्या बंदरफेरीला बसलो. खालीच, कठड्याशी. खलाशानं नारिंगी लाइफ जॅकेट दिलं. काकीनं ते लगेच घातलं नाही. मांडीवर घेऊन त्याचा पट्टा बोटांत धरला, चाप उघडला, लावला, परत उघडला. मळका, वापरून कडक झालेला पट्टा. मी गप्प राहिले. मग तिनं ते अंगात घातलं आणि मला म्हणाली, "ओढ गो, घट्ट कर."

बोट सुटली. पाणी गढूळ, मातकट, वर प्लास्टिक. त्यात काय बघायचं होतं तिला, असं मनात आलं. तिनं डबा उघडला आणि खाजाचा एकेक तुकडा पाण्यात सोडला. हात जोडले नाहीत, काही पुटपुटली नाही. दोन तुकडे राहिले ते मात्र तिनं आम्हा दोघींत वाटले. आल्याचा झणका घशाशी लागला.

तेवढ्यात डाव्या हाताला नौदलाची राखाडी जहाजं दिसू लागली. "फोटो काढू नका," खलाशी ओरडला. मोबाइल खाली गेले. एका जहाजाच्या कठड्याशी कुणीतरी उभं होतं, पांढऱ्या कपड्यांत. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता. काकीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. आमची बोट वळून गेटवेकडे परतू लागली तेव्हा तीही बाकावर वळली, जॅकेटसकट, आणि ते पांढरं दिसेनासं होईपर्यंत तशीच बसून राहिली.