सहावा रकाना

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास भरतो. पोलीस भरती, तलाठी, संयुक्त गट क, अशा सगळ्या बॅचना मी चालू घडामोडी शिकवते. दिवाळी झाली की आम्ही वर्षभराच्या घडामोडींची पुस्तिका छापतो आणि तिच्यातलं क्रीडा प्रकरण पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पाच रकान्यांचा तक्ता असतो. स्पर्धा, ठिकाण, विजेता, उपविजेता, विशेष. मुलं तो फाडून भिंतीला चिकटवतात, लोकलच्या दारात उभं राहून घोकतात.

3 नोव्हेंबर 2025, सोमवार. संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रूफ वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात द्यायचं होतं. तक्त्यात एकच ओळ अर्धी राहिली होती. महिला एकदिवसीय विश्वचषक, नवी मुंबई, आणि पुढे दोन रिकाम्या चौकटी.

त्या चौकटींसाठी मी आदल्या रात्री टीव्हीसमोर बसले होते. नेरूळला पावसाने खेळ लांबवला, टॉस व्हायलाच साडेचार वाजले, पहिला चेंडू पाचला पडला. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताच्या 298 धावा झाल्या, त्यात शफाली वर्माच्या 87. ही मुलगी मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी तिला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात तिने दोन बळीही घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत झेल घेतला आणि मी सोफ्यावरून उठून एकटीच टाळ्या वाजवत राहिले. आमच्या सोसायटीत समोरच्या विंगमधून फटाक्यांचा आवाज आला. दिवाळीचे उरलेले असणार.

सकाळी आठला बॅच. मी पोचले तर शेवटच्या बाकावर तीन मुलं डोकं टेकून झोपलेली. तिघंही ठाण्याजवळच्या दिव्यातली. तिकिटं काढून डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले होते. परत येताना ठाण्याची शेवटची लोकल हुकली, रात्र नेरूळ स्टेशनबाहेर काढली आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने सरळ क्लासला आले. एकाच्या गालावर तिरंगा अजून अर्धा शिल्लक होता. मी त्यांना घरी जा म्हटलं नाही. त्यांना चहा मागवला आणि फळ्यावर तक्ता काढला.

"विजेता?" सगळा वर्ग ओरडला. "उपविजेता?" पुन्हा ओरडला. मी नेहमीप्रमाणे विशेषच्या रकान्यात लिहायला लागले. भारताचं पहिलं विजेतेपद. प्रशिक्षक अमोल मुझुमदार. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू दीप्ती शर्मा, अंतिम सामन्यात 39 धावांत 5 बळी. महिलांचा विश्वचषक 1973 ला सुरू झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. शेवटी लिहिलं, 52 धावांनी विजय.

गालावर तिरंगा असलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे 52 वाचून वाटतं आरामात जिंकलो. तिथे तसं अजिबात नव्हतं. ती आफ्रिकेची लॉरा वूलवार्ट उभी होती ना, तोपर्यंत आमच्या स्टँडमध्ये कुणी पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नव्हतं. अमनजोतच्या हातातून कॅच दोनदा उडाला, तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले." त्याने मनगट वर करून दाखवलं.

वूलवार्टने त्या दिवशी 101 केल्या. उपांत्य सामन्यात 169. एका विश्वचषकात 571 धावा, इतक्या आजवर कुणीच केलेल्या नाहीत. माझ्या तक्त्यात ती उपविजेता या शब्दाच्या आत कुठेतरी होती. 2017 च्या अंतिम सामन्यात, लॉर्ड्सवर इंग्लंडपुढे, त्या शब्दात आपल्या मुली होत्या. 229 धावा हव्या होत्या, 3 बाद 191 वरून 219 वर डाव संपला. पूनम राऊत 86 वर बाद झाली, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. फरक 9 धावांचा. मी फळ्यावर 52 च्या खाली 9 लिहिलं आणि तसंच राहू दिलं.

मग प्रूफ वाचायला घेतलं. हे आम्ही दरवर्षी करतो. मी ओळ वाचते, मुलं तपासतात. जानेवारीपासून सुरुवात केली.

"खो-खो विश्वचषक, पहिला. नवी दिल्ली, 13 ते 19 जानेवारी 2025. पुरुष, भारत विजेता, नेपाळ उपविजेता, 78–40. महिला, भारत विजेता, नेपाळ उपविजेता, 54–36."

"चुकलंय, मॅडम."

दुसऱ्या बाकावरची मुलगी. कळव्याची. पोलीस भरतीची तयारी करते, सकाळी मैदान करून येते, त्यामुळे बुटांना नेहमी माती असते. सहा महिन्यांत ती वर्गात स्वतःहून बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"उलटं झालंय. महिला 78–40. पुरुष 54–36."

मी मोबाइलवर पाहिलं. तिचंच बरोबर होतं. त्या पुस्तिकेच्या आठशे प्रती निघतात. आठशे मुलांनी हा आकडा उलटा पाठ केला असता आणि एका गुणाने ज्याची निवड हुकते त्याच्यापर्यंत माझी चूक पोचली असती. मला कसंनुसं झालं. क्रिकेटचा प्रत्येक आकडा मी तीनदा तपासला होता. खो-खोची ओळ आठवणीवर टाकली होती. खरं कारण एवढंच होतं आणि मी ते वर्गाला सांगितलं.

"तुला कसं लक्षात?" मी विचारलं.

"मी खेळते, मॅडम."

मी खडू तिच्या हातात दिला. ती फळ्यापाशी आली आणि तिने 78–40 च्या खाली चार जोड्या लिहिल्या, प्रत्येक टर्न म्हणजे पाळी संपल्यावरचे गुण. 34–0. 35–24. 73–24. 78–40. अक्षर बारीक, पण हात थरथरत नव्हता.

"पहिल्या टर्नला आपलं आक्रमण. 34 गुण. दुसऱ्याला नेपाळचं आक्रमण, त्यांनी 24 घेतले. पण आपले 34 चे 35 झाले. हा एक कुठून आला?"

वर्ग गप्प.

"गडी बाद करून गुण मिळतात ते सगळ्यांना माहीत असतं. पण या फॉरमॅटमध्ये संरक्षण करणाऱ्यांची तुकडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकली तर त्यांनाही गुण मिळतो. ड्रीम रन म्हणतात. हा एक पळून मिळवलेला आहे. शेवटच्या टर्नला असेच पाच. बाकीचे 72 पकडून मिळाले आणि हे सहा हातात न सापडून मिळाले." तिने 35 मधल्या 5 भोवती गोल केला. मग पहिल्या दोन बाकांमधल्या जागेत वाकून तिने हुलकावणी कशी देतात ते दाखवलं. खांद्याने डावीकडे, पाय उजवीकडे, डोळे तिसरीकडेच. दोन पावलांची जागा होती. तेवढ्यातही समोरच्या मुलाला ती सापडली नाही.

मी 11 वर्षं क्रीडा घडामोडी शिकवते. एका निकालात पकडणं किती आणि निसटणं किती हे वेगळं काढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती सांगत गेली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. संघातली रेश्मा राठोड तर आपल्या ठाण्याची. माझ्या तक्त्यात यांतलं एकही नाव नव्हतं, विशेषचा रकाना कोरा होता.

वाचन पुढे सरकलं. चॅम्पियन्स करंडक, भारत. आयपीएल, 18 वर्षांनी बंगळुरू, फरक 6 धावांचा. लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपद, दक्षिण आफ्रिका. आता सगळ्यांनाच फरक ऐकायचा होता. फ्रेंच ओपनच्या ओळीला मी थांबले. अल्काराझने सिनरला 5 तास 29 मिनिटांत हरवलं, तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून. आणि सामन्यातले सगळे गुण मोजले तर सिनरचे 193, अल्काराझचे 192. हरलेल्याचा एक गुण जास्त! झोपलेली मुलंसुद्धा जागी झाली. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीत कोनेरू हम्पीला हरवलं ते दोन डाव बरोबरीत सुटल्यावर, टायब्रेकमध्ये, 1.5–0.5. एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक आणि त्याच्यासोबत ग्रँडमास्टर किताब.

सप्टेंबर आला. जागतिक अॅथलेटिक्स, टोकियो. भालाफेक, विजेता केशॉर्न वॉल्कॉट, 88.16 मीटर. विशेष, नीरज चोप्रा आठवा. मे महिन्यात दोह्याला 90.23 फेकणारा नीरज त्या दिवशी 84.03 वर थांबला होता, म्हणून ते मी लिहिलं होतं.

"मॅडम, चौथा?" तीच मुलगी.

चौथा सचिन यादव. 86.27. भारताचा. स्वतःची सर्वोत्तम फेक. त्याचं नाव मला माहीत होतं, पण तक्त्यात चौथ्याला जागा नाही.

"तो पोलीस आहे," ती म्हणाली. "उत्तर प्रदेश पोलिसांत. खेळाडू म्हणून लागलेला."

भरतीच्या बॅचला हे ऐकून जे झालं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. चाळीस मुलं ताठ बसली. एकाने विचारलं, तिसरा कितीवर होता? 86.67. मी भूमितीची मोठी लाकडी पट्टी काढली आणि टेबलाच्या कडेवर 40 सेंटिमीटर मोजून दोन खुणा केल्या. डस्टर आणि खडूची डबी मध्ये ठेवली तर जागा भरली. 86 मीटरवरून एवढंच अंतर, आणि कांस्यपदक नाही. मुलं एकेक करून टेबलापाशी आली, बोटाने त्या खुणा चाचपून गेली.

क्लास सुटल्यावर ती थांबली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या फाइलमधलं एक प्रमाणपत्र काढलं. एका मोठ्या स्पर्धेत तिचा संघ तिसऱ्या क्रमांकाचा सामना एका गुणाने हरला होता. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण असतं, ते घ्यायला पदक लागतं, पडताळणी लागते. तिच्या कागदावर सहभाग एवढाच शब्द. "शेवटच्या मिनिटाला मी बाद झाले, मॅडम. खांबापाशी. पाय घसरला." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. आई धुणीभांडी करते, वडील नाहीत. घरी सगळ्यांना वाटतं खेळण्यात वर्षं गेली.

मी तिला समजावणारं काही बोलले नाही. काय बोलणार? म्हटलं, "संध्याकाळी छापखान्यात येशील? खो-खोचं पान तू तपास."

आली. डीटीपी करणाऱ्या काकांना मी सांगितलं, तक्त्यात सहावा रकाना घालायचाय, फरक नावाचा. ते वैतागले. प्लेट काढायची वेळ झाली होती आणि सहावा रकाना म्हणजे सगळी पानं पुन्हा लावणं आलं. "अहो ताई, ए-फाइव्ह साइझ आहे, कुठे बसवू?" अक्षर नऊवर आणलं, समास कमी केले, ठिकाण आणि तारीख एका ओळीत घेतली. चार पानं वाढली. त्यांचे पैसे मी माझ्या मानधनातून दिले, त्याची मला हळहळ नाही. खो-खोला अर्धं पान मिळालं, चारही टर्नच्या आकड्यांसह. भालाफेकीच्या ओळीत फरक या रकान्यात आम्ही लिहिलं, तिसरा ते चौथा 40 सें.मी., चौथा सचिन यादव.

रात्री साडेनऊला काम संपलं. तिने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचलं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पानाच्या कोपऱ्यात बारीक सही केली. तशीच सही करायची असते, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघी रिक्षाने स्टेशनपर्यंत आलो.

डिसेंबरात पुरवणी काढली. ढाक्यात महिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, 35–28, चिनी तैपेईविरुद्ध. फॉर्म्युला वनमध्ये लँडो नॉरिस, 423 विरुद्ध 421. पूर्ण हंगामाचा फरक दोन गुणांचा. पुरवणीचं प्रूफ आता तीच वाचते.

भरतीचा अर्ज तिने खेळाडू आरक्षणाशिवाय भरला आहे. रोज पहाटे 800 मीटर धावते, आणि वर्गात आल्यावर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःची वेळ लिहून मगच बाकावर बसते. तो कोपरा मी पुसत नाही. गेल्या गुरुवारी आधीच्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी होते.