आडमुठी नळी

काकांच्या पद्मिनी गाडीच्या ब्रेकचं काम निघालं होतं. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं खुपसून टाकीतून मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे रेटणाऱ्या पंपाकडे, ब्रेक ऑइल नेणारी नवी नळी बसवत होते. नळी कसली, हट्टच तो! नाना पेठेतून आणलेली, कडक प्लास्टिकची, दुकानातल्या वेटोळ्याची सवय न सुटलेली. एक टोक निपलच्या तोटीवर टेकवावं तर दुसरं थेट मिस्त्रींच्या चष्म्यावर.

"जरा ग्रीस लावलं तर?" मी म्हणालो. उघड्या बॉनेटपाशी उभं राहून सल्ला न देणारा पुणेकर मी तरी पाहिलेला नाही.

"ग्रीसनं आतली रबरं फुगतील साहेब. मग चाकं धरून बसतील." एवढं बोलून त्यांनी पोऱ्याला चहाच्या टपरीवर उकळतं पाणी आणायला पिटाळलं.

पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. नळीला तेवढं पुरलं. टोक बाहेर काढून मिस्त्रींनी ते आतूनबाहेरून पुसलं, बोटानं नव्या ब्रेक ऑइलचा थेंब फिरवला आणि अंगठ्यानं रेटत, अर्धा पीळ देत ती निपलवर चढवली. तो अंगठा पाहिला आणि मला आमच्या वाड्यात येणारा कासार आठवला. आजीचा साबण लावलेला हात तो असाच चेपायचा. काच वाकत नाही म्हटल्यावर हाडांनीच समजून घ्यायचं. आजी हाताकडे बघायचीच नाही. तुळशीबागेत काय महाग झालंय ते सांगत बसायची आणि मध्येच तिचा एखादा शब्द तुटायचा. तेवढ्यात बांगडी मनगटात.

तेव्हापासून सहज बसणाऱ्या वस्तूंवर माझा विश्वास नाही. शेगडीची नळी पहिल्या झटक्यात चढली, तर मी साबणाचा फेस लावून गॅस हुंगत बसतो. घरचे हसतात.

मिस्त्रींनी मात्र दुसरं टोक बसवण्याआधी नळी झटकली, उजेडात धरली, पुन्हा झटकली. कडकपणा घालवणारं पाणीच ब्रेक ऑइलचं वैरी. डॉट थ्री प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलं की १४० च्या आसपासच उकळायला लागतं. दिवे घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइलची वाफ होते आणि पेडल तळाला जातं.

शेवटी एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायची होती. पेडल मारायला पोऱ्या पुढे झाला, पण काकांनी त्याला उठवलं. "माझी गाडी आहे, मीच मारणार."

"दाबा. धरून ठेवा... धरा काका."

मिस्त्री चाकापाशी पाना घेऊन थांबले. काकांचा पाय पेडलवर होता, पण पेडल हळूहळू वर येत होतं.

"पुन्हा एकदा," मिस्त्री शांतपणे म्हणाले. मी दुसरीकडे बघायला लागलो. उद्या सासवडला जायचंय, आणि किल्ली काकांच्या खिशात आहे.