बापूरावांची संध्याकाळ

ऑक्टोबरअखेरची एक संध्याकाळ नाशिकच्या आमच्या मंडळात शास्त्रीय गायक पं. द. वि. पलुसकरांची, म्हणजे बापूरावांची. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल हे दरवर्षीचंच. मी वाट बघते ती दिवे मालवण्याची.

मग आमचा माहितीपट लागतो. मंडळातल्याच एका मुलाने जुने फोटो आणि तबकड्या जमवून केलेला, जेमतेम वीस मिनिटांचा. बापूराव १९२१ साली जन्मले, तेही आमच्या नाशिकलाच. त्यांचे वडील, गायक विष्णू दिगंबर, यांची आधीची मुलं लहानपणीच गेलेली. या मुलाच्या दहाव्या वर्षी वडीलही गेले. पुढे विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांची तालीम, आणि १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गाणं.

‘बैजू बावरा’ चित्रपटाचा भाग आला की सभागृहात कुजबुज होते. त्यातली जुगलबंदी अमीर खाँसाहेब आणि बापूराव यांच्या आवाजात आहे, हे काहींना तेव्हाच कळतं. मला भरून येतं ते त्यानंतर. पडदा काळा होतो आणि नुसती तबकडी वाजते, ‘ठुमक चलत रामचंद्र’. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात सगळं मांडायचं, तरी कुठे घाई नाही, ओढाताण नाही. १९५५ मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने गेले. वय ३४.

दिवे लागले की आमच्या आजी उठायच्या. त्यांनी बापूरावांना प्रत्यक्ष ऐकलेलं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ख्याल ऐकता ऐकता झोप लागली, आणि जाग आली ती भजनाने, एवढंच त्या सांगायच्या. दरवर्षी तेच, त्याच शब्दांत. मला कधी जुनं वाटलं नाही.

उपस्थितीचं मात्र मनाला लागतं. गेल्या वर्षी खुर्च्या दीडशे मांडल्या, भरल्या साठ-पासष्ट. गाणं शिकवणाऱ्या एका संस्थेला तीन पत्रं दिली होती. एकही विद्यार्थी आला नाही. बापूरावांच्या गावात हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

आभार कुणाचे राहायला नकोत. सतरंज्या घालणारे दोघे भाऊ, पडदा आणि ध्वनिवर्धक फुकट देणारे मंडपवाले, पेटी-तबला वाहून आणणारे काका, तबकड्या विश्वासाने हाती देणारे निवृत्त गुरुजी, पन्नास वर्षांची कात्रणं जपलेल्या त्यांच्या वहिनी, मसाला दूध आटवणाऱ्या चौघीजणी, आणि वीज गेली तेव्हा आपल्या दुकानातून बॅटरी उचलून आणणारे शेजारी. निमंत्रणं घरोघर पोहोचवणारी शाळेतली मुलंही. त्यांची नावं अहवालात राहून गेली, त्याची चुटपुट अजून आहे.

यंदा आजींना जिना चढवेना. माहितीपट करणाऱ्या मुलाने घरी जाऊन त्यांचं बोलणं मुद्रित केलं आणि माहितीपटाच्या शेवटी जोडलं. मांडीवरच्या झोपेपर्यंत त्या आल्या की मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. आजी थांबतात, शिट्टी संपू देतात, आणि मग भजनाचं सांगतात. ती शिट्टी काढून टाकू का, असं त्याने मला विचारलं. मी नको म्हटलं.