आमची वाटचाल : चालू कारखान्यातला बंद प्लँट उतरवताना

आम्ही मूळचे फॅब्रिकेशनवाले. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांना पाइपलाइन, प्लॅटफॉर्म, टाक्या बांधून द्यायचो. पुढे त्यातले जुने प्लँट बंद पडू लागले. ‘बांधलंत तुम्ही, आता काढाही तुम्हीच,’ म्हणत एका मेंटेनन्सच्या साहेबांनी पहिलं काम दिलं. आज आमचं बांधायचं काम कमी आणि उतरवायचं जास्त आहे.

या धंद्याची रीत उलटी. भंगाराची किंमत मजुरीपेक्षा जास्त असली की ठेकेदारच कंपनीला पैसे भरतो. ज्याचा भाव चढा, त्याला टेंडर. मग अडकलेला पैसा मोकळा करायला तो पहिल्याच दिवशी कटर पेटवतो. पूर्ण बंद कारखान्यात हे एक वेळ निभावतं. पण भिंतीपलीकडे दुसरा प्लँट चालू असेल आणि एकाच पाइपरॅकवरून (पाइप पेलणाऱ्या सांगाड्यावरून) दोघांची स्टीम, नायट्रोजन, ब्राइन (थंडाव्यासाठीचं खारं पाणी) जात असेल, तर ही घाई अंगाशी येते. म्हणून आम्ही कोटेशनच फोडलं : उतरवण्याची मजुरी वेगळी, भंगाराचा भाव वेगळा, वजनकाट्यावर. खरेदी विभागांना हे पटवताना तोंडाला फेस आला. काही कामं गेली, ती गेलीच.

मजुरीतला मोठा वाटा कापण्याचा नसतोच, लाइन शोधण्याचा असतो. ड्रॉइंग मिळतं ते प्लँट उभा राहिला तेव्हाचं. नंतर कुणी कुठे टॅप मारला, म्हणजे मधूनच फाटा काढला, ते कागदावर नसतं, जुन्या ऑपरेटरांच्या डोक्यात असतं. त्यामुळे आमचा फिटर आणि त्यांचा ऑपरेटर एकेक लाइन हात लावत चालतात. एका ठिकाणी सगळ्यांनी मृत ठरवलेल्या लाइनचं लॅगिंग (पाइपवरचं उष्णतारोधक आवरण) सोडवलं, तर आतला पाइप घामेजलेला. शेजारच्या प्लँटच्या कंडेन्सरला ब्राइन तिथूनच जात होतं. अशा चालू लाइनला लाल पट्टा, कापायला मोकळ्या लाइनला हिरवा. हिरवा पट्टा मारायचा तर नुसता व्हॉल्व्ह बंद चालत नाही. जुने व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) उघडून ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकायची, टॅग लावायचा आणि प्रॉडक्शन, मेंटेनन्स, सेफ्टी तिघांच्या सह्या घ्यायच्या.

टाक्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) टाकीत वर्षानुवर्षं राहतं. टाकी रिकामी करून पाणी मारलं की तळाशी उरलेलं ॲसिड पातळ होतं, ते लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणजे अर्धवट धुतलेली टाकी न धुतलेल्या टाकीपेक्षा वाईट! त्यात हायड्रोजन हलका, छताखाली साठतो. टॉल्युइनसारख्या सॉल्व्हंटची वाफ जड, तळाशी बसते. मॅनहोलच्या तोंडाशी गॅस मोजायचा मीटर धरून ‘शून्य दाखवतोय’ म्हणणाऱ्याला आम्ही परमिटवर (कामाच्या परवान्यावर) सही करू देत नाही. वर, मध्ये, खाली मोजायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचं. आत माणूस उतरवायचा तर बंदिस्त जागेत शिरण्याचे कायद्याचे नियम आहेतच; पूर्वी ते कारखाना अधिनियम १९४८च्या कलम ३६मध्ये होते. शक्य तिथे गॅसकटर टाळून बोल्ट सोडवतो. वेळ जातो, पण ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेला) रिॲक्टर असा उतरला तर जुना माल म्हणून बरा भाव देतो. त्याच्या शेलला कटर लागला की आतली काच तडकते आणि उरतं ते भंगार.

क्रेनची तारीख मात्र आमच्या हातात नसते. चालू लाइनवरून बोजा फिरवायचा नाही, हा आमचा नियम. त्यामुळे मोठे नग शेजारच्या प्लँटच्या शटडाऊनपर्यंत जागेवर उभे राहतात. त्यात कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काम जवळजवळ थांबतं. तेव्हा ट्रेसिंग (लाइन शोधणं), याद्या, गाळाचे नमुने उरकतो. गाळ अधिकृत विल्हेवाट केंद्रातच जातो, त्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच दाखवतो. ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडायचे नाहीत. ओले करून, हुक सोडवून अख्खे खाली घ्यायचे. आमच्या खलाशांना (जड नग उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांना) आधी हे सगळं नखरे वाटायचं. आता नवीन पोराला तेच दरडावतात.

अलीकडे एका कारखान्याने नवा प्लँट बांधण्याआधीच आम्हाला बोलावलं : पुढे कधी काढायचा झाला तर ब्लाइंड टाकायची सोय कुठे कुठे ठेवू, सांगा. ड्रॉइंगवर खुणा करून दिल्या. त्याचं बिल किती लावायचं, यावर भावाचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.